ताटातले खण

“काय बाय, सुकेळी आवडली काय? परवा मालक घेऊन गेले ना तुमच्यासाठी?”

डेल्फिनने डोक्यावरची टोपली आमच्या दारात उतरवता उतरवता विचारलं आणि माझ्या हातातली चाळण हातातच राहिली. डेल्फिन गास गावची. वाडीतली भाजी घेऊन ती रेल्वेचा पूल ओलांडून आमच्या आचोळ्यात यायची. माठ, मुळा, पडवळ, वालाच्या शेंगा, आणि ऊन तापायला लागलं की सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की अशी गोड होतात की साखर परवडली.

“माझ्यासाठी?” मी विचारलं.

“हां. म्हणाले, वसुंधराला फार आवडतात, पन ती सवता घेनार नाय, लाजते. चांगली अर्धा किलो नेली.”

मी आणि लाजते! मला सुकेळी बघवतही नाहीत. मधुमेह झालेला नवरा अर्धा किलो सुकेळी नेतो, वर माझ्या नावावर खपवतो, आणि घरी येऊन दुधीची भाजी बघून सुस्कारे सोडतो. मी डेल्फिनकडून माठाच्या दोन जुड्या घेतल्या आणि दार लावून जी शोध घ्यायला सुरुवात केली ती थेट यांच्या ऑफिसच्या जुन्या पिशवीपर्यंत. पिशवीत, छत्रीच्या घडीत, चार सुकेळी उरली होती.

आमचे हे, म्हणजे विलास, पोस्टात सॉर्टिंगला होते. आलेली पत्रं भिंतीसारख्या उभ्या फडताळात गावागावांच्या खणात टाकायची, हे त्यांचं उभ्या जन्माचं काम. बोलणं कमी, हसणं जास्त, आणि खाण्याचा शौक असा की पाव किलोच्या पुड्यातले दोन पेढे घरी पोचायच्या आत संपायचे. चौऱ्याण्णव साली ऑफिसातल्या तपासणीत साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, भात कमी करा, गोड बंद. मी घाबरले होते हो. माझे वडील याच दुखण्यात पाय गमावून गेले होते. मी डॉक्टरांच्या एक पाऊल पुढे गेले. भात बंद, बटाटा बंद, फळं बंद. घरातला साखरेचा डबा शेजारी नेऊन ठेवला आणि पाहुणा आला की चहापुरती साखर मागायला वाटी घेऊन धावायला लागले. यांच्या ताटात दोन फुलके, उकडलेला दुधी आणि चमचाभर वरण. ताटाचा तळ आरशासारखा चकाकायचा.

त्या संध्याकाळी हे घरी आले तेव्हा मी चारही सुकेळी टेबलावर मांडून ठेवली होती.

“लाजते का मी?” मी विचारलं.

हे हसले नाहीत. चपला काढून बसले आणि म्हणाले, “चोरलं, खरं आहे. चूक झाली. पण तू मला वाढतेस ते जेवण नाही गं, दंड आहे. आईच्या ताटात भात, लेकीच्या, क्षितिजाच्या ताटात भात, आणि मी आपला वर्गाबाहेर उभा केलेल्या पोरासारखा. ताटाकडे बघितलं तरी भूक वाढते.”

“मग मरा खाऊन,” मी म्हटलं. तोंडातून गेलं. सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, “अगो, जिभेला काही हाड?”

दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. खाली मान घालून दोन फुलके खायचे आणि उठायचे. तिसऱ्या दिवशी मला ते सहन होईना. घरचं माणूस आपल्या हातचं असं खाली मान घालून जेवायला लागलं, की बाईनं स्वयंपाक करायचा कशाला? वसईला एका धर्मादाय दवाखान्यात आहाराचं सांगणारी एक मुलगी बसते असं कळलं होतं. गेले तिच्याकडे. अगदीच पोरसवदा, केसाला रबर लावलेली. मी काय काय बंद केलंय ते अभिमानानं सांगायला लागले, तर तिनं माझं अर्धं ऐकलं आणि ड्रॉवरमधून एक कागदी पत्रावळ काढली.

“काकू, सगळं बंद करून माणूस किती दिवस राहील? हे बघा.” तिनं पत्रावळीवर मधोमध पेनाने रेघ मारली. “ही अख्खी डावी बाजू भाजी आणि कोशिंबीर. भरपूर, पोटभर. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात भात, एवढासाच, पण द्या. खालच्या कोपऱ्यात उसळ, नाहीतर मासा, नाहीतर घट्ट वरण. एक भाकरी मध्ये, अंगाकडे. ताट भरलेलं दिसलं पाहिजे. रिकामं ताट बघून माणूस बाहेर जाऊन खातो.”

“खातो,” मी म्हटलं. “सुकेळी खातो.”

ती एवढी हसली की बाहेरचे पेशंट आत डोकावले.

घरी आले ती थेट कामाला लागले. माठाची भाजी नुसत्या लसणाच्या फोडणीवर, मुळ्याची कोशिंबीर दह्यातली, मोड आलेल्या मटकीची उसळ, खोबरं चिमटीभर. भाताची पेज काढून टाकली. नाचणीच्या पिठात मेथी चिरून घातली. आणि ताट वाढलं, रेघ डोळ्यांसमोर ठेवून. डावी बाजू हिरवीगार भरली, भाताची छोटी मूद उजवीकडे वर, तिच्या खाली उसळ, भाकरी अंगाकडे. मीठ नेहमी ताटाच्या मध्यावर वर असतं, ते मी मुद्दाम डावीकडे खाली, कोशिंबिरीच्या आड ढकललं. डॉक्टरांनी मीठही कमी सांगितलं होतं आणि यांचा हात मिठाकडे फार जायचा.

सासूबाईंनी ताट बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“भाजी डावीकडे? भात कोपऱ्यात? अगो, डावं-उजवं तरी कळतं का तुला? उलटं सगळं श्राद्धाला करतात. माझा मुलगा जिवंत आहे अजून.”

त्यांचंही खरंच होतं. राजापूरकडच्या बाई त्या. ताट कसं वाढायचं हे त्यांनी मला लग्नानंतर पहिल्या आठवड्यात हाताला धरून शिकवलं होतं. चटणी-कोशिंबीर डावीकडे नखभर, भाजी-आमटी उजवीकडे, भात मधोमध. त्यात बोटभर फरक पडला तर ताट परत आत जायचं. त्यांच्यापुढे मी हे असलं काहीतरी ठेवत होते.

यांनी ताटाकडे बघितलं. मग डोळे मिचकावत म्हणाले, “आई, सॉर्टिंग नवीन आहे. खण बदललेत.” आणि बोटानं दाखवत गेले, “हे कोकण. सगळं हिरवं. हा वर भात म्हणजे दिल्ली, लांब आणि लहानसा. ही उसळ सोलापूर. आणि भाकरी आपलं मुंबई, हाताशी.” पहिला घास घेतला, चावला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “पोट भरेल असं वाटतंय आज.”

तेवढंच बोलले, पण मला पुष्कळ झालं. सासूबाई मात्र पुढची कितीतरी वर्षं जेवताना भिंतीकडे बघायच्या, मुलाच्या ताटाकडे नाही. स्वतःचं ताट त्या स्वतः वाढून घ्यायच्या, त्यांच्या पद्धतीनं.

नंतरची वर्षं आठवली की मला त्या दिवसांचे वास आधी आठवतात. भिजवलेल्या वालांचा, भाजलेल्या जवसाच्या चटणीचा, तिरफळ घातलेल्या बांगड्याचा. तळलेला मासा बंद केला तेव्हा क्षितिजाने आठ दिवस तोंड फुगवलं, मग तिलाही तेच आवडायला लागलं. घरात दोन स्वयंपाक करायचे नाहीत असं मी ठरवलंच होतं. जे यांना, तेच सगळ्यांना. साखरेचा डबा शेजारून परत आणला, कारण लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. डेल्फिन दारात आली की हे स्वतः टोपलीशी बसायचे, शेवग्याच्या शेंगा वाकवून बघायचे आणि विचारायचे, “काय डेल्फिन, वसुंधरासाठी काही आहे का?” ती फडकं ओढून सुकेळी झाकायची. “नाय हो मालक, तुमची बाय मना मारील.” किती साधे दिवस होते! तेव्हा पाण्याच्या टँकरमागे हंडे घेऊन पळताना वाटायचं, कधी संपतंय हे सगळं. आता वाटतं, थोडं थांबायला हवं होतं.

पण दुखणं आपल्या परीनं चालू होतं. आधीची सात-आठ वर्षं साखर अंगात मुरलेली होती, आम्हाला पत्ताच नव्हता, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलं. मुंबईला नेऊन लेसर झालं, पुन्हा झालं. डावा डोळा आधी गेला. मग उजव्यात जाळं आलं आणि दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात एके सकाळी हे म्हणाले, “खिडकी उघड गं,” आणि खिडकी उघडीच होती.

मला रडायलाही सुचेना. दुपारी ताट वाढून त्यांच्यापुढे ठेवलं, शेजारी बसले आणि भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या तोंडाशी नेला. यांनी माझा हात बाजूला केला. जोरात नाही, पण केला.

“थांब. खण बदलले नाहीस ना?”

“नाही.”

त्यांचा हात खाली गेला, भाकरीवर. तुकडा मोडला. मग सरळ डावीकडे, भाजीत. मग उजवीकडे खाली, उसळीत. एकदाही चाचपडला नाही. नऊ वर्षं रोज दोन वेळा ज्या जागी जे होतं त्या जागी ते होतं. हे म्हणाले, “अगं, पुण्याचं पत्र मी कधी बघून टाकलंय का? हाताला ठाऊक असतं.” आणि जेवले. सगळं ताट एकटे जेवले. सासूबाई समोर बसल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदाच त्या भिंतीकडे बघत नव्हत्या.

घरात असं निभत होतं. बाहेर मात्र पंचाईत झाली. यांच्या ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं, विरारला. मी बायकांच्या पंगतीत अडकले, आणि यांना कुणीतरी पुरुषांच्या पंगतीत बसवून दिलं. ताट आपल्या नेहमीच्या रीतीचं, मधोमध भात, उजवीकडे बासुंदीची वाटी. यांचा हात सवयीनं उसळीला गेला तो चार बोटं बासुंदीत. तिथून गडबडून मागे घेतला तो आमटीची वाटी कलंडली. मी पोचले तेव्हा शेजारचा एक अनोळखी गृहस्थ यांना घास भरवत होता. चांगला माणूस होता बिचारा. मोठ्यानं सांगत होता, “हां काका, आता भात देतो हां, तोंड उघडा.” सगळी पंगत बघत होती. आणि आमचे हे, ज्यांनी माझा हात बाजूला केला होता, ते तोंड उघडत होते.

त्या दिवसानंतर यांनी बाहेर जेवणं सोडलं. “घरूनच जेवून आलोय,” हे वाक्य पाठ करून टाकलं. मी खूप सांगितलं, ऐकलं नाही.

आणि मग क्षितिजाचं ठरलं. मुलगा विरारचाच, विघ्नेश, तिच्याच ऑफिसातला. तिनं त्याला बाबांच्या डोळ्यांचं सगळं सांगितलं होतं, त्यानं घरी सांगितलं होतं, कुणाची काही हरकत नव्हती. साखरपुडा आमच्या घरीच करायचा ठरला, मोजक्या माणसांत. आदल्या दिवशी मी वाल सोलत होते तेव्हा हे हळूच म्हणाले, “उद्या मी नंतर जेवीन हं. आत. तुम्ही पंगत उरकून घ्या.”

क्षितिजा केस विंचरत होती. कंगवा तसाच डोक्यात ठेवून ती वळली. “बाबा, व्याही व्याह्याशेजारी जेवायला बसतात. तुम्ही बसणार नसाल तर साखरपुडा नको मला.”

“अगं वेडे, त्यांना ठाऊक आहे माझं.”

“ठाऊक आहे ना, मग लपता कशाला?”

“ठाऊक असणं वेगळं आणि समोर बसून बघणं वेगळं,” हे म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. “मला नवीन माणसांसमोर तोंड उघडायला लावू नका.”

मी म्हटलं, “तुमचं ताट मी तुमच्या पद्धतीनं वाढते ना. कुणाला काय कळतंय?”

“कळेल. सगळ्यांचं एक आणि माझं एक. मग विचारतील, यांचं असं का? मग सांगायचं. मग सगळे माझ्या हाताकडे बघणार.” क्षितिजा उठून बाल्कनीत गेली. मुलीच्या साखरपुड्याला बाप आतल्या खोलीत बसून जेवणार, या विचारानं माझा जीव तुटत होता, आणि त्यांना जबरदस्ती करायचंही धाडस होत नव्हतं. त्या विरारच्या पंगतीतलं ते उघडलेलं तोंड मी विसरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. साखरेचा पुडा दिला-घेतला, अंगठ्या झाल्या, फोटो झाले. विघ्नेशचे वडील साताऱ्याकडचे, मोकळे गृहस्थ, यांच्याशी पोस्टाच्या गप्पा मारत बसले. विघ्नेशची आत्या मात्र बघण्याच्या स्वभावाची. पडद्यापासून पायपुसण्यापर्यंत तिची नजर फिरून आली होती. मी आत ताटं मांडायला घेतली. सवयीप्रमाणे पाहुण्यांचं पहिलं ताट रीतसर वाढायला सुरुवात केली, भात मधोमध टाकला, आणि मागून आवाज आला.

“उचल तो भात.”

सासूबाई खुर्चीवर बसल्या होत्या. सत्तरी उलटली होती, गुडघे गेले होते, पण नजर तीच.

“चुकलं का काही?” मी विचारलं.

“चुकलंच. विलासचं ताट जसं वाढतेस ना, तशी सगळी वाढ. भाजी डावीकडे. भात कोपऱ्यात. पुरी मध्ये, अंगाकडे. त्याला पुरीच्या जागी फुलका दे, लांबून कोण बघतंय. मीठ खाली.”

“अहो आई, सगळ्यांची? साताऱ्याची माणसं आहेत. काय म्हणतील?”

“म्हणू देत. तू वाढ.”

त्यांनी पदर खोचला, उठल्या, एका हातानं ओट्याला धरलं आणि दुसऱ्या हातानं स्वतः एका ताटात डावीकडे भाजी वाढली. आयुष्यात पहिल्यांदा. मी मधोमध टाकलेला भात उचलला आणि कामाला लागले. क्षितिजा आत आली, तिनं ओळीनं मांडलेली ती ताटं बघितली, आजीकडे बघितलं आणि बाहेर जाऊन बाबांचा हात धरला. “चला बाबा. सगळ्यांची ताटं तुमच्यासारखीच आहेत.”

“म्हणजे?”

“म्हणजे सगळ्यांची. आजीनं वाढायला लावलीत.”

यांनी तिचा हात घट्ट धरला. मग उठले, आणि व्याह्यांच्या शेजारच्या पाटावर जाऊन बसले.

पंगत बसली. मी उदबत्ती लावण्याच्या निमित्तानं भिंतीशी उभी राहिले आणि माझं सगळं लक्ष एका हाताकडे. हात भाकरीच्या जागी गेला, फुलका मोडला, डावीकडे गेला. आत्यानं ताटाकडे बघितलं, शेजारच्या ताटाकडे बघितलं, मग तिच्यापलीकडच्या.

“अगंबाई, तुमच्याकडे भाजी डावीकडे वाढतात? आणि भात हा असा कोपऱ्यात?”

सासूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. गुडघे दुखत असतील, पण ताठ होत्या.

“हो,” त्या म्हणाल्या. “आमच्यात असंच वाढतात. पहिल्यापासून.”

पहिल्यापासून! एवढं खोटं आणि एवढ्या ठणठणीत आवाजात त्या बाईनं जन्मात कधी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आत्या “असं का, असं का” म्हणत भाजीकडे वळली. यांनी मान वर केली, आईचा आवाज आला त्या दिशेला. पुन्हा जेवायला लागले.

थोड्या वेळानं व्याही ताटावर वाकून इकडेतिकडे बघायला लागले. भात हलवला, वाटी उचलली. डावा हात उजवीकडे नेला, परत आणला. शेवटी संकोचून हळू आवाजात म्हणाले, “अहो, मीठ वाढलंय का हो कुठे? मला काही दिसत नाहीये.”

मी पुढे होणार होते. पण हे घास गिळून, ताटाकडे मान वळवून शांतपणे म्हणाले, “डावीकडे खाली बघा, व्याही. कोशिंबिरीच्या मागे. नवीन माणसाला सापडत नाही पटकन. होईल सवय.”

“सापडलं,” व्याही म्हणाले. मग यांनी भाताकडे हात नेला, आणि मी वरण आणायला आत गेले.